आधी वाचा, मग उघडा : जुने जर्मन कॅमेरे जमवताना

माळ्यावरच्या पेटीत किंवा जुन्या बाजारात एखादा जर्मन कॅमेरा हाती लागला की त्याचं मागचं झाकण उघडून बघायचा मोह होतो. तो आवरा. आत रोल असू शकतो, आणि त्यावर पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं कुणाचं लग्न किंवा बारसं असू शकतं. पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा असेल तर रोल मागे गुंडाळायची खुंटी बाणाच्या दिशेनं हलक्या हातानं फिरवा. ती अडली तर आत रोल आहे. १२० रोलच्या कॅमेऱ्यात मागच्या लाल खिडकीतून कागद दिसतो का ते पाहा. असा रोल सापडलाच तर तो पूर्ण गुंडाळा, अंधारात काढा आणि कृष्णधवल रसायनात धुऊन देणाऱ्या माणसाकडेच द्या. जुन्या रंगीत रोलमधूनसुद्धा काही मिळालं तर ते बहुतेक वेळा याच मार्गानं मिळतं.

दुसरी गोष्ट, कॅमेरा खरोखर जर्मन आहे का ते बघा. आपल्याकडच्या एका पिढीचे घरगुती फोटो आग्फा क्लिक थ्रीवर काढलेले आहेत. नाव जर्मन, पण हा कॅमेरा बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवला. तो जपून ठेवा, त्याला १२० रोल लागतो आणि तो आजही चालतो. मात्र जर्मन बनावटीचा म्हणून कुणी त्याची किंमत वाढवून सांगत असेल तर ती देऊ नका.

माझा या छंदातला आग्रह एकच आहे. जुना कॅमेरा हा दस्तऐवज आहे. त्याचं वय, घराणं, त्याच्यावर आधी झालेल्या दुरुस्त्या, सगळं त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. आपण तो पुसून, घासून, रंगवून नवा करायला जातो तेव्हा तेच मिटवत असतो. म्हणून पहिले काही दिवस कॅमेरा फक्त वाचा. स्क्रू-ड्रायव्हरचं काम त्यानंतरचं.

वाचायची सुरुवात गावापासून करावी. लायका म्हणजे वेट्झलार. तिथल्या अर्न्स्ट लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाकनं घडवलेला छोटा कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला. रोलायफ्लेक्स ब्राउनश्वाइगचा, फ्रांके आणि हायडेके यांचा, १९२९पासूनचा. फोइग्टलेंडरचं घराणं मूळचं व्हिएन्नाचं, १७५६चं, पण कॅमेऱ्यांच्या काळात तेही ब्राउनश्वाइगलाच स्थिरावलेलं. कोडॅकचं नाव अमेरिकन असलं तरी रेटिना श्टुटगार्टमध्ये आउगुस्ट नागेलच्या कारखान्यात बनत असे. आज आपण जिला साधी ‘रोलची डबी’ म्हणतो, ती उजेडात भरता येणारी पस्तीस मिलिमीटरची डबी १९३४ साली पहिल्या रेटिनाबरोबरच बाजारात आली. आग्फाचा कॅमेरा कारखाना म्युनिकचा. आणि ड्रेस्डेन तर कॅमेऱ्यांची राजधानीच होती. तिथल्या इका आणि एर्नेमान, बर्लिनची गोएर्ट्झ आणि श्टुटगार्टची कोंटेसा-नेटेल या चार कंपन्या १९२६ साली एकत्र येऊन झाइस इकॉन झाली. इहागेचा किने एक्झाक्टा १९३६चा, तोही ड्रेस्डेनचाच.

युद्धानंतर देशाची फाळणी झाली, तशीच या घराण्यांचीही झाली. झाइस इकॉनची एक शाखा ड्रेस्डेनला राहिली आणि दुसरी श्टुटगार्टला उभी राहिली. लेन्सवर ‘कार्ल झाइस येना’ असेल तर ती युद्धापूर्वीची तरी असते, नाही तर नंतरच्या पूर्व जर्मनीची. ‘झाइस-ऑप्टॉन’ म्हणजे पश्चिमेकडची, १९५०च्या आसपासच्या थोड्या वर्षांतली. ‘मेड इन जर्मनी, यूएस झोन’ असा शिक्का दिसला तर काम फारच सोपं होतं, कारण तो अमेरिकी ताब्याच्या काळातला, साधारण १९४५ ते १९४९चा. ‘यूएसएसआर ऑक्युपाइड’ असं कोरलेल्या लेन्साही मिळतात. अशी अक्षरं घासून पुसट करू नका. संग्राहकाला नव्या चामड्यापेक्षा त्यांचं मोल जास्त वाटतं.

पुढची पायरी शटरची. घडीच्या आणि बऱ्याच लहान कॅमेऱ्यांत शटर बाहेरून आणलेलं असे. म्युनिकच्या डेकेलचं कोम्पूर किंवा कालम्बाखच्या गाउथियरचं प्रोन्टोर. वेग बदलायची चकती शटरच्या माथ्यावर वेगळी बसवलेली असेल तर कॅमेरा साधारण १९३०पूर्वीचा, आणि लेन्सभोवतीचं कडं फिरवून वेग बदलत असेल तर नंतरचा. मग वेगाचे आकडे वाचा. १, २, ५, १०, २५, ५०, १००, २५० अशी मालिका जुनी. १, २, ४, ८, १५, ३०, ६०, १२५ ही नवी, १९५०च्या दशकात रुळलेली. अ‍ॅपर्चरचंही तसंच आहे. ६.३, ९, १२.५, १८ असे आकडे दिसले की जुना काळ. फ्लॅशची तार जोडायचं भोक काही अपवाद सोडले तर युद्धानंतरचं. वेग आणि अ‍ॅपर्चर एकमेकांना जखडणारी ‘लाइट व्हॅल्यू’ची पट्टी असेल तर १९५४च्या मागे जायचं कारण नाही. लेन्सवर जांभळट-निळसर झाक असेल तर तिच्यावर लेप आहे. झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी तो १९३५ साली शोधला, पण सामान्य गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्यांवर तो सर्रास दिसू लागला युद्धानंतर. लेन्सवरचं लाल ‘टी’ हे अक्षर याच लेपाची खूण आहे.

क्रमांक सगळ्यात शेवटी बघा. बरेच जण उलट करतात, क्रमांक इंटरनेटवरच्या यादीत शोधतात आणि वर्ष मिळालं म्हणून मोकळे होतात. एकाच कॅमेऱ्यावर तीन क्रमांक असू शकतात, अंगाचा, शटरचा आणि लेन्सचा, आणि तिघांची वर्षं वेगळी निघू शकतात. लेन्स आणि शटर गठ्ठ्यानं बनत आणि जुळणीपर्यंत पडून राहत. त्यामुळे लेन्स कॅमेऱ्यापेक्षा वर्षभर जुनी असली तर बिचकू नका. ती दहा वर्षांनी नवी असेल तर मात्र कुणीतरी बदलली आहे. लायकाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. लाइट्झ कारखाना गिऱ्हाइकाचा जुना कॅमेरा परत घेऊन त्याला नवे भाग बसवून देत असे आणि क्रमांक तोच ठेवत असे. म्हणून १९२०च्या दशकातल्या क्रमांकावर रेंजफाइंडर आणि फ्लॅशची सोय दिसली तरी तो कॅमेरा लगेच खोटा ठरत नाही. उलट १९५४ साली सुरू झालेल्या एम थ्रीचे क्रमांक सात लाखांपासून सुरू होतात, त्यामुळे तिथे आकडा आणि बनावट जुळायलाच हवी. झाइस इकॉनच्या घडीच्या कॅमेऱ्यांत चामड्यावर ५२१/२ किंवा ५१५/२ असा दाबून उठवलेला आकडा सापडतो. तो मॉडेलचा क्रमांक असतो आणि बोटानं चाचपला तरी कळतो. कंपनीनं एकच नाव अनेक वर्षं वापरलेलं असताना नेमका कॅमेरा कोणता हे याच आकड्यावरून ठरतं.

माझा नियम असा की कारखान्यातूनच आलेला सर्वांत नवा भाग जे वर्ष सांगतो, कॅमेऱ्याचं वर्ष त्याच्या मागे नेऊ नये.

बनावट कॅमेरे मुख्यतः लायकाच्या नावानं फिरतात. सोव्हिएत फेड आणि झोर्की हे जुन्या लायकावरूनच बेतलेले, त्यामुळे त्यांच्यावरचं नाव घासून लायका कोरणं सोपं जातं. सोनेरी मुलामा, सापाचं कातडं, जर्मन हवाई दलाची किंवा नौदलाची चिन्हं असा थाट दिसला की सावध व्हा. लेन्स काढून आत पाहा. फोकस रेंजफाइंडरपर्यंत पोचवणारी एक दांडी दिसेल. लायकाच्या दांडीच्या टोकाला छोटं गोल चाक असतं, फेड-झोर्कीच्या दांडीचं टोक सहसा चपटं आणि उतरतं असतं. हे बघायला एक मिनिट लागतं, आणि विक्रेता लेन्स काढू देत नसेल तर तिथून निघावं. खऱ्या युद्धकालीन लायका अस्तित्वात आहेत, पण नवख्या माणसानं त्या वाटेला जाऊच नये. मूळचा फेड फेड म्हणून मिळाला तर जरूर घ्या. तोही चांगला कॅमेरा आहे.

मग सुरुवात कशानं करावी? रोल मिळतो असा कॅमेरा घ्या. १२० आणि पस्तीस मिलिमीटर हे दोन रोल आजही बनतात. १९२९चा पहिला रोलायफ्लेक्स ११७ नावाच्या रोलवर चाले, तो आता बनत नाही. १२७चे रोल विरळ झाले. सुंदर दिसतो म्हणून घेतलेला पण वापरता न येणारा कॅमेरा दुसऱ्या वर्षी कपाटाच्या मागच्या फळीवर जातो. मी नवख्याला झाइसचा नेटार किंवा इकोंटा, आग्फाचा आयसोलेट किंवा कोडॅकचा रेटिना सुचवेन. लायका आणि रोलायफ्लेक्स थोडा हात बसल्यावर. रोलायफ्लेक्सचा मोह मला कळतो. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातात तो असे, आणि कमरेशी धरून वरून खाली बघत फोटो काढायची त्याची पद्धत एकदा अंगवळणी पडली की सुटत नाही. पण त्याची दुरुस्ती महाग आहे.

मुंबईचा चोरबाजार असो की पुण्याचा जुना बाजार, कॅमेरा हातात आला की आधी शटर ऐका. एक सेकंदाच्या वेगावर बटण दाबलं की आतल्या चाकांची बारीक घरघर एकसारखी चालून थांबली पाहिजे. मध्येच अडखळली तर जुनं वंगण चिकट झालं आहे, आणि ते दुरुस्त होतं. मात्र दोन गोष्टी दुकानात करू नका. कोम्पूर-रॅपिडसारख्या शटरचा सर्वांत वरचा वेग, ४०० किंवा ५००, शटर ताणल्यावर लावू नका. त्यासाठी वेगळी जादा स्प्रिंग असते, म्हणून तो ताणण्याआधीच लावायचा. आणि ‘व्ही’ अक्षराची, आपोआप फोटो काढायची कळ कधीही ओढू नका. जुन्या शटरमध्ये ती अर्ध्यावर अडकली तर शटरच बंद पडतं.

लेन्समागे टॉर्च धरून समोरून पाहा. कोळिष्टकासारखे तंतू म्हणजे बुरशी. धुरकटपणा म्हणजे वंगणाची वाफ, ती पुसली जाते. कडेला इंद्रधनुषी पट्टा दिसला तर दोन भिंगं जोडणारा बाल्सम सुटला आहे आणि ते घरी जमणारं काम नाही. घडीच्या कॅमेऱ्याचा बेलोज म्हणजे हार्मोनियमचा भाताच. तो पूर्ण उघडून अंधाऱ्या कोपऱ्यात आत टॉर्च लावा, घड्यांच्या टोकांना छिद्रं असतील तर चांदण्या दिसतील. आयसोलेटमध्ये हा दोष नेहमीचा. कापडी पडद्याच्या लायकातही प्रकाशाचे ठिपके शोधा. लेन्स सूर्याकडे रोखून ठेवल्यानं पडद्याला जळून भोक पडलेलं असू शकतं. प्रकाशमापक चालत नसेल तर घासाघीस करा, पण निराश होऊ नका. सेलेनियमचा सेल वयानं मरतो, आणि मोबाइलवरचं अ‍ॅप ते काम करतं.

रेटिना बंद पडलाय म्हणून स्वस्तात मिळतो तेव्हा त्याचा फोटोमोजणीचा आकडा बघा. युद्धानंतरच्या अनेक रेटिनांत मोजणी उलटी चालते, आणि आकडा १वर आला की कॅमेरा मुद्दाम अडतो. मोजणी पुन्हा वर नेली की तो चालू लागतो. तसंच रेटिना मिटण्याआधी फोकस अनंतावर आणावा लागतो. जोर लावून मिटलेले कॅमेरे मी बरेच पाहिले आहेत, आणि ते दुखणं सहजासहजी बरं होत नाही.

आता दुरुस्ती. त्यासाठी चांगले चपटे स्क्रू-ड्रायव्हर लागतात. जर्मन कॅमेऱ्यांचे स्क्रू एका खाचेचे असतात, आणि टोक खाचेत गच्च बसलं नाही तर खाच खरवडते. ती खूण पुढच्या प्रत्येक मालकाला दिसते. कड्या उघडायला दोन टोकांचा स्पॅनर घ्या, पक्कड कधीही नको. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा. पांढऱ्या ताटात काम करा, म्हणजे उडालेला स्क्रू सापडतो.

चिकट शटरवर लोक तेल सोडतात. याहून वाईट उपाय नाही. पात्यांवर तेलाचा थेंब पसरला की ती एकमेकींना चिकटतात. पानासारखी ही पाती पूर्ण कोरडी असायला हवीत. पुढची आणि मागची भिंगं आधी काढून ठेवा, शटरचं झाकण उघडा आणि मंद वेगाच्या चाकांवर लायटरमध्ये घालतात ते शुद्ध पेट्रोल थेंबाथेंबानं सोडून बटण दाबत राहा. भिंगं जागेवर ठेवून हे केलंत तर विरघळलेलं वंगण त्यांच्यावर जाऊन बसेल. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा निरांजन नको. शटर सुटल्यावर दोन दिवस थांबून पुन्हा तपासा. पुन्हा मंदावलं तर ते पूर्ण उघडून साफ करावं लागेल आणि तिथे कारागीरच हवा. मुंबईच्या फोर्ट भागात आणि पुण्यात रोलच्या कॅमेऱ्यांवर हात बसलेली मोजकी जुनी माणसं आहेत. त्यांना आधी विचारा, त्यांनी कोम्पूर उघडलं आहे का.

आयसोलेटचं खास दुखणं म्हणजे फोकसच्या आट्यांतलं हिरवं ग्रीस. ते दगडासारखं होतं आणि पुढचं कडं फिरत नाही. मग माणूस जोर लावतो, आणि दोन कडी एकत्र फिरून चुकीच्या जागी सुटतात. केस वाळवायच्या यंत्राची ऊब द्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडा आणि उद्यापर्यंत थांबा. हीच क्रिया पुन्हा पुन्हा करावी लागते. आटे सुटतील त्या क्षणी दोन्ही कड्यांवर समोरासमोर खूण करा. या आट्यांची सुरुवात अनेक ठिकाणी असते, त्यामुळे चुकीच्या ठिकाणी धरलेलं कडं फिरतं पण फोकस जुळत नाही. जुळणी झाल्यावर मागे रोलच्या जागी घासलेली काच किंवा ताणून बसवलेला ट्रेसिंग पेपर ठेवा, शटर ‘बी’वर उघडं धरा आणि फार लांबचा मनोरा किंवा डोंगराची कड पाहा. ती स्पष्ट दिसेल त्या जागी अनंताची खूण बसवा.

बुरशीला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाचं सौम्य मिश्रण लागू पडतं. ते कापसावर घेऊन थोडा वेळ ठेवा आणि पुसून काढा. लेपावर खोलवर कोरलेली बुरशी मात्र जात नाही. लायकाच्या सुमारसारख्या जुन्या लेन्सची पुढची काच मऊ असते. तिला कोरड्या कापडानं घासलं तर कायमचे ओरखडे उठतात. रेंजफाइंडरमधला अर्धपारदर्शक आरसा आणि रोलायफ्लेक्सचा वरचा आरसा यांना शक्य तो हात लावू नका. त्यांचा चांदीचा थर उघडाच असतो आणि पुसण्याबरोबर निघून येतो. त्यांना फुंकणीची हवा पुरे.

झाइसच्या कॅमेऱ्यांवर चामड्याखाली बारीक फोड आलेले दिसतात. ते पितळी रिव्हेटांवर चढलेल्या हिरवट कळंकामुळे. चामडं तेवढ्यापुरतं उचलून खालचं खरवडून पुन्हा चिकटवा. सगळं चामडं बदलायची घाई नको. आत एखाद्या जुन्या दुकानाची चिठ्ठी, मालकानं कोरलेलं नाव, परवान्याचा कागद असेल तर तो तसाच राहू द्या. काळा रंग उडून दिसणारं पितळही झाकू नका. मी तर म्हणेन, कॅमेरा चालतो आणि उजेड आत शिरू देत नाही, एवढं साधलं की दुरुस्ती संपली.

आपल्याकडे कॅमेऱ्याचा खरा शत्रू पाऊस. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण, कारण चामडं ओल धरतं. केस वेगळी ठेवा. कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि आत छोटं आर्द्रतामापक टाका. ४० ते ५० टक्के आर्द्रता बरी. त्याहून फार कोरडं केलं तर चामडं आणि बाल्सम तडकतात. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतं. शटर न ताणता ठेवा, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक वेगावर बटण दाबा.

पहिला रोल कृष्णधवल १०० आयएसओचा घ्या. त्याआधी मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या वेगानं शटरचा व्हिडिओ काढा. १/३० सेकंदात शटर साधारण आठ चित्रं उघडं दिसलं पाहिजे. दुप्पट दिसलं तर तेवढा हिशोब वहीत लिहा. लाल खिडकीच्या कॅमेऱ्यात त्या खिडकीवर काळी पट्टी चिकटवा आणि फक्त रोल पुढे नेताना उचला, कारण आजच्या फिल्मला लाल उजेडही दिसतो. जुन्या लायकात रोल खालून भरतात, त्यासाठी फिल्मचं टोक सुमारे दहा सेंटिमीटर लांब निमुळतं कापावं लागतं, नाही तर तुकडे आत अडकतात. रोलायफ्लेक्स ऑटोमॅटमध्ये १२०चा कागद आतल्या दोन रुळांमधून घातला नाही तर मोजणी सुरूच होत नाही.

नेगेटिव्ह धुऊन आल्यावर प्रिंट काढण्याआधी पट्टी खिडकीच्या उजेडात धरा. प्रत्येक चौकटीत एकाच जागी काळा डाग म्हणजे बेलोजला छिद्र. डाग चौकटीबाहेर कडेपर्यंत गेला असेल तर मागच्या झाकणातून उजेड येतोय. एक बाजू स्पष्ट आणि दुसरी पुसट असेल तर लेन्सची पाटी तिरकी बसली आहे, घडीचे दांडे वाकले आहेत का ते तपासा. चौकटी एकमेकींवर चढत असतील तर दोष रोल पुढे नेणाऱ्या यंत्रणेत आहे. प्रत्येक कॅमेऱ्याचं एक पान करून त्यावर तिन्ही क्रमांक, ठरवलेलं वर्ष आणि त्यामागचं कारण, केलेली दुरुस्ती आणि ही नेगेटिव्हवरची निरीक्षणं लिहा आणि ते पान कॅमेऱ्याच्याच डब्यात ठेवा.